सिनेमा दिसतो, मग डीव्हीडी राइट का होत नाही?

शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या सोसायटीतले वकीलकाका लॅपटॉप काखेत मारून आले. दुसऱ्या हातात पन्नास कोऱ्या डीव्हीडींचा गोल डबा. सोमवारी कोर्टात एका दुकानातलं सीसीटीव्ही चित्रीकरण दाखल करायचं होतं आणि लॅपटॉप एकामागून एक डिस्क बाहेर फेकत होता. सहा वाया गेल्या होत्या.

"काल तुझ्या काकूने यावरच आमच्या मिलिंदच्या लग्नाची डीव्हीडी पाहिली रे, अडीच तास. कुठे अडकली नाही. मग ड्राइव्ह बिघडला असेल कसा? हे विंडोजचंच काहीतरी असणार. तू फॉरमॅट मारून टाक."

फॉरमॅट मी मारला नाही. पण काकांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो मला आजवर निदान पंधरा-वीस जणांनी विचारला आहे. डिस्क वाचता येते तर लिहिता का येऊ नये?

आता डीव्हीडी वापरतं कोण, असं म्हणणाऱ्यांसाठी आधी दोन वाक्यं. नव्या लॅपटॉपांत हा ड्राइव्ह जवळपास दिसत नाही. ॲपलने २००८ च्या मॅकबुक एअरमधूनच तो काढून टाकला होता. आपल्याकडे घरोघरी ज्यांच्या कोऱ्या सीडी असायच्या ती मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. तरीही एमआरआय काढला की हातात सीडी मिळते, काही सरकारी कार्यालयं कागदांसोबत सीडी मागतात, कोर्टात पुरावा डिस्कवर जातो. म्हणजे गरज उरली आहे आणि ड्राइव्ह म्हातारे होत चालले आहेत. बिघाड शोधायची पद्धत माहीत असलेली बरी.

ढगाळ दिवस आणि भिंग

लहानपणी उन्हात भिंग धरून कागद पेटवला असेल. डीव्हीडी राइट होते ती याच तत्त्वावर. कोऱ्या डिस्कमध्ये एका रंगद्रव्याचा पातळ थर असतो. डिस्कच्या पाठीला जी जांभळट झाक दिसते ती त्याचीच. ड्राइव्हमधला लेसर त्या थरावर सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक ठिपके तापवत जातो. तापलेल्या ठिकाणी थराचा गुण बदलतो आणि तिथून उजेड कमी परततो. डिस्क वाचायची म्हणजे त्याच वाटेवरून मंद लेसर फिरवायचा आणि उजेड कुठे परत येतो, कुठे येत नाही ते पाहायचं. आपण सहज "बर्न कर" म्हणतो ना, तो शब्द अलंकारिक नाही. खरोखरच भाजणं चालू असतं.

आता हिशेब पाहा. वाचताना डिस्कवर पडणाऱ्या लेसरची ताकद एका मिलिवॅटच्या आसपास असते. लिहिताना तीच दहा-वीस पट किंवा त्याहून जास्त लागते, तीही दर सेकंदाला लाखो वेळा नेमक्या क्षणी चालू आणि नेमक्या क्षणी बंद. ढगाळ दिवशी अंगणात बसून पेपर आरामात वाचता येतो. त्या उजेडात भिंग धरून कागद पेटवायला बसा, तासभर बसाल.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर बव्हंशी एवढंच आहे. लेसर थकला, लेन्सवर धूळ बसली, डिस्क किंचित वाकडी फिरली, तर वाचणं निभावून जातं, लिहिणं निभावत नाही. सिनेमा दिसतो म्हणजे ड्राइव्ह धडधाकट आहे असं नाही. तो अजून वाचण्यापुरता शिल्लक आहे एवढंच.

आणि हे काम किती बारीक आहे त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. डीव्हीडीवरची वाट ग्रामोफोनच्या तबकडीसारखी गोल गोल जाते, आतून बाहेर. दोन फेऱ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत शंभरेक फेऱ्या सहज बसतील. उलगडली तर ही वाट सुमारे १२ किलोमीटर भरते. पुण्यात स्वारगेटवरून निघून कात्रजच्या पुढे जाल एवढी, आणि लेसरने तिच्यावरून केसाच्या शंभराव्या भागाइतकंही घसरायचं नाही.

एका ड्राइव्हमध्ये दोन लेसर

सीडी आणि डीव्हीडी दोन्ही राइट करणाऱ्या ड्राइव्हमध्ये लेसर एक नसतो, दोन असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. एक थकला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. म्हणून माझी पहिली चाचणी ठरलेली: एक कोरी सीडी घालायची आणि त्यावर शंभर-दोनशे एमबीचं काहीही राइट करून पाहायचं. सीडी नीट झाली आणि डीव्हीडी होत नाही, तर विंडोज, केबल, सॉफ्टवेअर यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. बोट लाल लेसरकडे, लेन्सवरच्या धुळीकडे किंवा त्या डीव्हीडींकडेच वळतं.

काकांच्या लॅपटॉपवर सीडी तीन मिनिटांत झाली. काका म्हणाले, "मग यावरच टाक की सगळं." सगळं म्हणजे ३.१ जीबी. सीडीवर मावतात ७०० एमबी.

एक गोष्ट मात्र याच्याही आधी बघून घ्या, कारण ती बघितली नाही म्हणून माझी एक अख्खी दुपार गेली आहे. जुन्या स्वस्त लॅपटॉपांत "कॉम्बो" नावाचा ड्राइव्ह यायचा. तो सीडी लिहितो, सीडी वाचतो, डीव्हीडी मात्र फक्त वाचतो. त्याच्याकडून डीव्हीडी लिहून घेणं म्हणजे रेडिओवरून फोन लावणं. ट्रेच्या दर्शनी पट्टीवर डीव्हीडीच्या चिन्हालाच जोडून "आर" किंवा "आरडब्ल्यू" लिहिलेलं असेल तरच पुढे जायचं.

डिस्क उलटी करून बघा

वाया गेलेली डिस्क लोक रागाने कचऱ्यात टाकतात. टाकू नका. ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. भाजलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात फरक असतो, मधे स्पष्ट रेघ दिसते. लिहिणं आतून बाहेर जातं, त्यामुळे गाडी कुठे बंद पडली ते त्या रेघेवरून कळतं.

भाजलेल्या भागाचं कडं अजिबात उमटलेलं नसेल, तर काम सुरू व्हायच्या आधीच फसलं. अशा वेळी पडद्यावर बहुधा "पॉवर कॅलिब्रेशन एरर" असं काहीतरी येतं. कडं बाहेरच्या काठाजवळ थांबलं असेल तर ती गोष्ट वेगळी: वेग जास्त, डिस्क हलकी किंवा ड्राइव्ह तापलेला. आणि डिस्क पूर्ण भाजली आहे पण फायली उघडत नाहीत, तर लिहिलं गेलं, पण फिक्कं.

काकांच्या सहाही डिस्क मी टेबलावर ओळीने मांडल्या. पाच अगदी कोऱ्या. सहावीवर मधल्या भोकाभोवती जेमतेम बोटाच्या पेराएवढं कडं.

वहीच्या कोपऱ्यातल्या रेघोट्या

पेन चालतंय का ते पाहायला आपण वहीच्या कोपऱ्यात दोन रेघोट्या मारतो. ड्राइव्हही तेच करतो. प्रत्येक डिस्कच्या आतल्या काठाला, तुमच्या फायलींच्या जागेच्या अलीकडे, एक छोटी पट्टी त्यासाठी राखून ठेवलेली असते. लिहायला बसण्याआधी ड्राइव्ह तिथे कमी-जास्त ताकदीने काही ठिपके भाजतो, लगेच वाचून बघतो आणि या डिस्कला किती आच लागेल ते ठरवतो. या प्रकाराला कॅलिब्रेशन म्हणतात. कुठल्याच आचेवर समाधानकारक ठिपका उमटला नाही तर तो हात वर करतो, आणि तुम्हाला ती सूचना दिसते.

म्हणजे पॉवर कॅलिब्रेशन एररचा मराठीत अर्थ असा: "मी प्रयत्न केला, या डिस्कवर माझी शाई उमटत नाही." शाई संपली आहे की कागद तेलकट आहे, हे त्यावरून कळत नाही. म्हणून पुढची पायरी कागद बदलून बघण्याची.

"पण डिस्क तर नवी कोरी आहे!"

नवी असेल. चांगली असेलच असं नाही.

भात लावताना इंद्रायणीला पाणी वेगळं, कोलमला वेगळं, रेशनच्या तांदळाला आणखी वेगळं. हे ज्याला माहीत आहे त्याचा भात बिघडत नाही. डिस्कचंही तसंच आहे. प्रत्येक कारखान्याचं रंगद्रव्य वेगळं, त्याला लागणारी आच वेगळी. डिस्कवरच्या मूळ चरातच कारखान्याची खूण नोंदलेली असते आणि ड्राइव्हच्या आत, त्याच्या स्वतःच्या छोट्या प्रोग्राममध्ये, कुठल्या खुणेच्या डिस्कला कसं भाजायचं याचं टिपण असतं. त्या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. डिस्क ओळखीची निघाली तर काम झकास. अनोळखी निघाली तर ड्राइव्ह अंदाजपंचे आच लावतो. २०१० चा ड्राइव्ह आणि त्यानंतर बाजारात आलेली कुठल्या तरी नावाची डिस्क, यांची ओळख असायचं कारण नाही. डब्यावरचं नाव आणि आतला कारखाना यांचाही बऱ्याचदा संबंध नसतो.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवर त्या ड्राइव्हसाठी नवं फर्मवेअर असेल तर ते घालता येतं. चार्जर लावून, मधे वीज जाणार नाही अशा वेळी, आणि नेमक्या त्याच मॉडेलचं. अर्धवट राहिलं तर ड्राइव्ह कायमचा गेलाच म्हणून समजा. मी स्वतः हे शेवटी करतो. आधी दुसऱ्या कंपनीची एक सुटी डिस्क आणून बघतो. डबा नाही, एक. प्लस आणि मायनस हा प्रकारही इथेच बघून घ्यावा. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर ही दोन वेगवेगळ्या कंपनीगटांनी आणलेली, एकमेकांशी स्पर्धा करणारी मानकं आहेत. नंतरचे बहुतेक ड्राइव्ह दोन्ही लिहितात, पण लेसर थकायला लागला की एक जात चालते, दुसरी चालत नाही, असंही पाहिलं आहे.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर चाचणी केली तर डिस्क वाया जात नाही, असा सल्ला मिळतो. सल्ला वाईट नाही, पण निकाल जपून वाचा. आरडब्ल्यूमध्ये रंगद्रव्य नसून मिश्रधातूचा थर असतो. साखरेचा पाक एकदम थंड केला तर काचेसारखा होतो, सावकाश थंड केला तर खडे धरतो. तो थर तसाच, थंड होण्याच्या वेगावर रूप बदलतो. गंमत छान आहे, पण या डिस्कवरून उजेड फार कमी परततो. विकतच्या सिनेमाची डीव्हीडी लेसरचा ४५ ते ८५ टक्के उजेड परत पाठवते, आरडब्ल्यू १८ ते ३० टक्के. थकलेल्या ड्राइव्हला ती आधीच जड जाते. आरडब्ल्यू चालली तर ड्राइव्ह चांगला समजा, नाही चालली तर लगेच निष्कर्ष काढू नका.

वेगाबद्दल. डब्यावर १६एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पट, असं लिहिलेलं असतं, ते डिस्क किती सहन करेल याचं माप. लॅपटॉपचे बारीक ड्राइव्ह बहुधा ८एक्सच्या वर जातच नाहीत. त्यातही मोटर एका गतीने फिरते, तेव्हा आत वेग कमी आणि बाहेरच्या काठाला सगळ्यात जास्त, म्हणून काठाजवळ फसण्याचं प्रमाण मोठं. सॉफ्टवेअरमध्ये वेग "मॅक्सिमम" असतो तो ४एक्सवर आणा. पूर्ण डीव्हीडीला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतील, लागू देत. मात्र "जितका हळू तितका पक्का" हेही खरं नाही. १६एक्ससाठी बनवलेल्या डिस्कला अगदी मंद वेग मानवेलच असं नाही. मंद आचेवर भाकरी भाजत बसलं की ती फुगत नाही, वातड होते.

"हे विंडोजचंच काहीतरी असणार"

कधीकधी असतं. पण त्याची लक्षणं वेगळी.

विंडोज दोषी असेल तेव्हा ड्राइव्ह "माय कॉम्प्युटर"मधून पूर्ण गायब होतो, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, त्याच्यावर पिवळं चिन्ह येऊन कोड १९ किंवा ३९ दिसतो, किंवा कोरी डिस्क घातल्यावर लिहिण्याचा पर्यायच येत नाही. जुनी बर्निंग सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्हच्या मधे आपला एक दलाल बसवून ठेवायची. सॉफ्टवेअर काढलं तरी दलालाचं नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, राहून जायचं. विंडोज त्याला शोधत बसतं, तो सापडत नाही, ड्राइव्ह अडतो. साधा उपाय: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून "अनइन्स्टॉल", मग लॅपटॉप पुन्हा सुरू. विंडोज ड्राइव्हला नव्याने ओळखतं. एवढ्याने भागलं नाही तर रजिस्ट्रीतल्या "अप्परफिल्टर्स" आणि "लोअरफिल्टर्स" या नोंदी काढतात. पण ते काम जाणकाराकडून करून घ्या. याच नावाची नोंद कीबोर्डच्या खात्यातही असते. ती चुकून उडवली की पुढच्या वेळी पासवर्ड टाइप करायला कीबोर्डच नसतो.

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आणखी एक शक्यता: कंपनीच्या आयटी विभागाने डिस्क लिहिण्याची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. तिथे ड्राइव्हचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

वाद एका फटक्यात मिटवायचा असेल तर लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, पेन ड्राइव्ह घ्या. उबुंटूसारखं लिनक्स इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालू होतं. आतल्या विंडोजला हातही लागत नाही. त्यात ब्रासेरो किंवा के-थ्री-बी हे डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर घेऊन डिस्क लिहून बघा. तिथे झाली तर विंडोज गुन्हेगार. तिथेही त्याच जागी फसली तर विंडोज सुटलं, फॉरमॅट मारून काही मिळणार नाही. काकांच्या लॅपटॉपवर लिनक्सनेही पहिल्याच मिनिटाला कॅलिब्रेशनची तक्रार केली. काका थोडे हिरमुसले. अशिलाचा भक्कम मुद्दा पडल्यावर होत असावेत तसे.

विंडोजवरच राहायचं तर इमगबर्न हे फुकटचं सॉफ्टवेअर अजून उपयोगी आहे. शेवटची आवृत्ती २०१३ ची, पण ते डिस्कच्या कारखान्याची खूण दाखवतं, चूक नेमक्या शब्दांत सांगतं आणि लिहून झाल्यावर डिस्क वाचून पडताळतं. इन्स्टॉल करताना सोबत चिकटून येणाऱ्या भलत्या गोष्टींच्या खुणा तेवढ्या काढून टाका.

मधेच काम अडलं की डेटा तुटून डिस्क वाया जाते, ही जुनी भीतीही काहींच्या मनात असते. एक जण पोळ्या लाटतोय, एक भाजतोय, आणि लाटणारा उठून गेला की तवा नुसता जळतो, तसं पूर्वी खरंच व्हायचं. २००० साली सान्योने "बर्न-प्रूफ" नावाची युक्ती आणली: लाटी येईपर्यंत लेसर थांबतो आणि मग बरोबर त्याच ठिकाणाहून पुढे सुरू करतो. त्यानंतरच्या ड्राइव्हमध्ये या ना त्या नावाने ही सोय आहे, तेव्हा तो संशय सोडून द्या.

डोळा पुसायचा कसा

डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे बाहेर येतो तेव्हा फक्त डिस्क बाहेर येते, लेन्स आत पेटीत राहते. लॅपटॉपच्या ट्रेवाल्या ड्राइव्हमध्ये मात्र मोटर, लेसर, लेन्स, सगळी वरात ट्रेसोबत बाहेर येते. सोय छान, पण ट्रे उघडा राहिला की घरातली सगळी धूळ थेट डोळ्यात. झाडलोट, पंखा, खोबरेल तेलाचा हात. मसुराच्या दाण्याएवढी ती निळसर लेन्स आहे, आणि डीव्हीडीची वाट सीडीपेक्षा बारीक असल्यामुळे धुळीचा फटका आधी डीव्हीडीला बसतो.

लॅपटॉप सुरू असताना ट्रे उघडा, मग लॅपटॉप पूर्ण बंद करा. (बंद असताना ट्रे उघडायचा तर पट्टीवरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घाला.) आधी कॅमेऱ्याच्या रबरी पंपाने हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण बसतात. तरी डाग दिसत असेल तर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून लेन्सवरून अलगद गोल फिरवा. अलगद म्हणजे झोपलेल्या बाळाच्या पापणीवरून फिरवाल तसं. ती लेन्स केसासारख्या तारांवर तरंगत असते, दाबली की तिचा तोल जातो. काच पुसायचं निळं पाणी, अत्तर, आफ्टरशेव्ह, काही नको. सुकायला दहा मिनिटं द्या. बारीक ब्रश चिकटवलेली "लेन्स क्लीनर" सीडी मिळते, तिने कधी गुण येतो, कधी येत नाही. माझा भरवसा इअरबडवर.

डिस्क बसवतानाही लक्ष द्या. मधल्या कण्यावर तीन छोटी टोकं असतात. डिस्क त्यावर दाबली की "टक्" असा आवाज यायला हवा. लॅपटॉपमध्ये ती नुसती ठेवून ट्रे ढकलला तर डिस्क डुगडुगत फिरते. त्यावर कागदी स्टिकर चिकटवला असेल तर आणखीच.

बाहेरचा ड्राइव्ह आणि त्याची भूक

आतला ड्राइव्ह गेलाच, तर दोन वाटा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत तो तळाच्या एका स्क्रूवर असतो. स्क्रू काढला की ड्रॉवरसारखा सरकून बाहेर येतो. नवा घेताना जाडी मोजा, १२.७ मिलिमीटर आणि ९.५ मिलिमीटर अशी दोन मापं चालतात, आणि दर्शनी पट्टी जुन्यावरून काढून लावावी लागते.

दुसरी वाट यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह. इथे लोक पुन्हा फसतात: नवा ड्राइव्हही वाचतो, पण लिहिताना मान टाकतो. दोष त्याचा नसतो, विजेचा असतो. साधा यूएसबी २ चा पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलिॲम्पिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. लिहिताना मोटर आणि लेसर दोघंही जोरात, त्यांना तेवढं पुरत नाही. म्हणून काही ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल येते. दुसरं तोंड शोभेला नाही, तेही लावायचं. नाहीतर निळा यूएसबी ३ चा पोर्ट, मधे हब नाही, आणि लॅपटॉप चार्जरवर.

"राइट झाली, पण टीव्हीजवळच्या प्लेअरवर लागत नाही"

हा बहुतेक वेळा ड्राइव्हचा दोष नसतोच. मोबाइलमधली एमपी-४ फाइल डिस्कवर टाकली म्हणजे ती सिनेमाची डीव्हीडी होत नाही. जुना प्लेअर ठरावीक रचनेत, ठरावीक प्रकारात बांधलेला व्हिडिओच ओळखतो. दुसरं कारण, लिहिणं संपलं अशी खूण करून डिस्क बंद ("फायनलाइज") केलेली नसते. विंडोज सुरुवातीला विचारतं: पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय घेतला तर ती डिस्क दुसरीकडे उघडेलच याची खात्री नाही. कुणाला द्यायची असेल तर नेहमी दुसरा.

मापाचा घोळही इथेच. डब्यावर ४.७ जीबी, विंडोज म्हणतं ४.३७. फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यामुळे विंडोजमध्ये साडेचार जीबी दिसणारं फोल्डर ४.७ च्या डिस्कवर मावत नाही.

सोमवारचं काय झालं

रात्री सव्वाअकराला लेन्स पुसली. माझ्याकडच्या दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर, ४एक्सला, कॅलिब्रेशन पार पडलं. काका खुर्ची पुढे ओढून बसले. कडं सरकत सरकत अर्ध्यावर आलं, संपलंही, पण पडताळणीत दोन फायली वाचता आल्या नाहीत. दुसरी डिस्क घातली, ती सुरूच झाली नाही. धूळ होतीच, पण धूळ काढूनही लाल लेसरात जीव उरला नव्हता. रविवारी सकाळी माझा बाहेरचा ड्राइव्ह त्यांच्याकडे नेला, निळ्या पोर्टात लावला, आणि काकांच्याच डब्यातल्या डिस्क पहिल्या फटक्यात झाल्या, तीन प्रती.

मग हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा: आतला एक बिंदू बदलला तरी ठसा वेगळा येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडतात त्यात हा ठसा लिहावा लागतो. मूळ फाइलचा आणि तिन्ही डिस्कवरच्या फायलींचा ठसा मी ताडून पाहिला. जुळला. काकांनी तो चौसष्ट अक्षरांचा आकडा स्वतः दोनदा वाचून घेतला, एकेका अक्षरावर पेन टेकवत.

"जुना ड्राइव्ह बदलून टाकू का?" मी विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले. "काकूला सिनेमा दिसतोय ना."